चाळीसची बाटली, शंभरची बाटली

मंडळी, साखरेचा आजार आपल्या भागाला आता नवा राहिला नाही. पूर्वी लोक म्हणत, हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग. आज तो कापूस वेचणाऱ्या बाईलाही होतो आणि लेण्यांच्या रस्त्यावर दुकान मांडणाऱ्यालाही होतो. डॉक्टर त्याला मधुमेह म्हणतात. आपण शुगर म्हणतो. नाव काही म्हणा, आजार तोच.

या आजारात काहींचे गोळ्यांवर भागते. काहींना रोज सुई घ्यावी लागते. लहान मुलाला हा आजार झाला तर बहुधा पहिल्या दिवसापासून सुईच लागते. त्या सुईतल्या औषधाचे नाव इन्सुलिन. निरोगी माणसाच्या पोटात जठराच्या मागे एक ग्रंथी असते. तिला स्वादुपिंड म्हणतात. ती इन्सुलिन तयार करते. रक्तातली साखर शरीराच्या कामी लावणे हे इन्सुलिनचे काम. ते शरीरात तयार होईना, किंवा कमी पडू लागले, म्हणजे बाहेरून द्यावे लागते.

हे औषध जीव वाचवते. पण ते मापाचे औषध आहे. माप कमी पडले तर साखर चढते. माप जास्त झाले तर साखर एकदम उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो. खोकल्याचे औषध अर्धा चमचा जास्त झाले तर फारसे बिघडत नाही. इथे तसे नाही. म्हणून आज या औषधाचे माप समजून घेऊ. हिशोब भागाकाराचा आहे, पण अवघड नाही. ज्याला बाजारात पैशाचा हिशोब येतो, त्याला हा येईल.

युनिट म्हणजे काय?

डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, ‘सकाळी वीस युनिट, संध्याकाळी दहा युनिट.’ हे युनिट म्हणजे काय? ते वजन आहे का? की चमच्यासारखे माप आहे?

दोन्ही नाही. युनिट हे औषधाच्या गुणाचे माप आहे.

मिरचीचे उदाहरण घ्या. पावशेर लवंगी मिरची आणि पावशेर बेडगी मिरची. वजन सारखे. तिखटपणा सारखा आहे का? मुळीच नाही. लवंगी थोडी टाकली तरी डोळ्यांतून पाणी येते. बेडगी मूठभर टाका, रंग येईल, तिखट बेताचे. कोणी सुगरण म्हणाली की ‘मी वजन पाहत नाही, भाजीला जेवढा तिखटपणा पाहिजे तेवढी मिरची घालते’, तर ती वजन मोजत नाही, गुण मोजते. इन्सुलिनचे तसेच झाले.

कॅनडा देशात टोरांटो नावाचे शहर आहे. तिथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून हे औषध काढले. प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले आणि कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने औषध शुद्ध करण्याची रीत बसवली. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. पहिल्या सुईचा फारसा गुण आला नाही, कारण औषधात गाळ फार होता. बारा दिवसांनी शुद्ध केलेले औषध दिले आणि मुलाची साखर उतरली. तोवर या आजाराची मुले सुकून सुकून मरत. डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवत, दुसरा इलाजच नव्हता.

परंतु एक अडचण होती. एका दिवशी काढलेले औषध जहाल निघे, दुसऱ्या दिवशीचे मवाळ. लवंगी आणि बेडगीसारखे. वजनावर भरवसा ठेवता येईना. तेव्हा त्यांनी गुणावरून माप ठरवले. उपाशी ठेवलेल्या सशाला औषध टोचायचे. त्याच्या रक्तातली साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरायला किती औषध लागते ते पाहायचे. त्यावरून युनिट ठरले. आता औषध जहाल असो की मवाळ, एक युनिट म्हणजे तेवढाच गुण.

आज ससे लागत नाहीत. औषध शुद्ध मिळते. अमेरिकेत १९८२ पासून जंतूंकडून माणसाच्या जातीचे इन्सुलिन तयार करून विकायला लागले. आपल्या देशात वोखार्ट कंपनीने २००३ साली असे इन्सुलिन बाजारात आणले. त्यांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. शुद्ध औषधाचे वजन करता येते. एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम. हा आकडा पाठ करू नका. एवढेच समजा की ज्वारीच्या एका दाण्याएवढ्या वजनाचे शुद्ध इन्सुलिन घेतले तर त्यात आठशेच्या वर युनिटे भरतील. रोज वीस युनिट घेणाऱ्याला तो एक दाणा चाळीस दिवस पुरेल!

एवढे बारीक औषध चिमटीत कसे धरणार? म्हणून ते पाण्यात मिसळून देतात. आणि पाण्यात मिसळले की घट्ट-पातळचा प्रश्न आला.

घट्ट आणि पातळ

दोन तांबे घ्या. दोन्ही सारखे. दोन्ही पाण्याने काठोकाठ भरलेले. एका तांब्यात ४० खडे साखर विरघळवली. दुसऱ्यात १०० खडे. आता पाहुणा म्हणाला, ‘मला वीस खडे साखर पाहिजे.’ पहिल्या तांब्यातून किती पाणी द्याल? अर्धा तांबा. दुसऱ्यातून? अर्धा नव्हे. शंभरातले वीस, म्हणजे तांब्याचा पाचवा हिस्सा.

पाहुण्याला साखर तेवढीच मिळाली. पाणी मात्र निराळे.

इन्सुलिनच्या बाटलीचे हेच आहे. तांब्याच्या जागी एमएल धरा. एमएल म्हणजे मिलिलिटर. एका लिटरचे हजार एमएल. घरातला चहाचा लहान चमचा साधारण पाच एमएलचा. पाण्याचे वीस थेंब म्हणजे साधारण एक एमएल. एका बाटलीत एका एमएलला ४० युनिट असतात. तिला चाळीसची बाटली म्हणू. दुसऱ्या बाटलीत एका एमएलला १०० युनिट असतात. ती शंभरची बाटली.

वीस युनिट पाहिजेत, तर चाळीसच्या बाटलीतून अर्धा एमएल. शंभरच्या बाटलीतून एमएलचा पाचवा भाग. दोन्हींत औषध तेवढेच. थेंबांत सांगायचे तर चाळीसच्या बाटलीतला अर्धा थेंब म्हणजे सुमारे एक युनिट. शंभरच्या बाटलीत तर एका थेंबाचे पाच युनिट होतात. तेव्हा ‘थेंबभर इकडे-तिकडे’ म्हणू नये.

बाटली पाहून दोन्हींतला फरक कळतो का? कळत नाही. दोन्ही बाटल्या बहुधा दहा एमएलच्या, म्हणजे चहाच्या दोन चमच्यांएवढ्या. दोन्हींतले पाणी सारखेच दिसते. फरक फक्त लेबलावर. चाळीसच्या बाटलीत सगळी मिळून ४०० युनिटे, शंभरच्या बाटलीत १०००.

हाली आणि कलदार

आकडा तोच आणि किंमत निराळी, ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. आपले फर्दापूर निजामाच्या मुलखात होते. इथे निजामाचा हाली सिक्का चाले. तिकडे जळगाव खानदेशात, इंग्रजांच्या राज्यात. तिथे कलदार रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा भाव होता. आमची वडील मंडळी सांगत, खानदेशात बैल घ्यायला गेलेला माणूस आधी विचारी, ‘तीस रुपये म्हणता, ते हाली की कलदार?’ न विचारता सौदा केला तर फसगत ठरलेली. १९४८ साली निजामाचे राज्य गेले आणि पुढे काही वर्षांत हाली सिक्काही गेला.

औषधाच्या बाबतीत मात्र चाळीस आणि शंभर हे दोन्ही सिक्के आपल्या देशात अजून चालू आहेत. अमेरिकेने १९७३ पासून शंभरचे औषध आणले आणि हळूहळू बाकीची बंद केली. इंग्लंडने १९८३ साली तेच केले. आपल्याकडे बाटलीत प्रामुख्याने चाळीसचे मिळते, शंभरचेही मिळते. पेनातले औषध मात्र शंभरचे असते. म्हणून विचारणे भाग आहे.

शिकलेल्यांनाही हा घोळ झाला आहे, हे सांगून ठेवतो. इंग्लंडात पूर्वी एमएलला २०, ४० आणि ८० अशा तीन ताकदींचे औषध मिळे. सुईची सिरिंज एकच. तिच्यावर एका एमएलला वीस रेघा. वीसच्या औषधाला एक रेघ म्हणजे एक युनिट. चाळीसच्या औषधाला तीच रेघ दोन युनिटांची. ऐंशीच्या औषधाला चार युनिटांची. कोणी म्हणे ‘मी दहा घेतो’, तर दहा रेघा की दहा युनिट, हे दवाखान्यातल्या माणसालाही उमजेना. चुका होत राहिल्या. शेवटी त्यांनी सगळे मोडून एकच ताकद ठेवली.

लाल टोपण, नारिंगी टोपण

आता मुख्य गोष्ट.

इन्सुलिनची सिरिंज वेगळी असते. ती बारीक असते आणि तिच्यावर एमएलच्या नव्हे, युनिटांच्या रेघा असतात. फार सोयीचे झाले. वीस युनिट पाहिजेत, तर वीसच्या रेघेपर्यंत भरा. भागाकार नको. पण ही सोय तेव्हाच खरी, जेव्हा बाटली आणि सिरिंज एकाच जातीच्या असतील.

चाळीसच्या बाटलीची सिरिंज निराळी. तिला लाल टोपण असते आणि नळीवर इंग्रजीत ‘यू’ अक्षरापुढे चाळीसचा आकडा छापलेला असतो. शंभरच्या बाटलीची सिरिंज निराळी. तिचे टोपण नारिंगी. तिच्यावर ‘यू’पुढे शंभर. नुसत्या रंगावर जाऊ नका. लाल आणि नारिंगी रंग कंदिलाच्या उजेडात सारखेच दिसतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिवसाही. आकडा वाचा.

बाटली एक जातीची आणि सिरिंज दुसऱ्या जातीची झाली तर काय होते? समजा, एका आजींना वीस युनिट सांगितले आहेत. घरात लाल टोपणाच्या सिरिंजा आहेत. आजवर चाळीसची बाटली येत होती. या खेपेला नातू शहरातून शंभरची बाटली घेऊन आला. दुकानदाराने दिली, त्याने आणली. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हते. आजींनी रोजच्यासारखी लाल सिरिंज वीसच्या रेघेपर्यंत भरली. वीसची रेघ म्हणजे त्या सिरिंजवर अर्धा एमएल. शंभरच्या बाटलीतल्या अर्ध्या एमएलमध्ये किती युनिट? पन्नास.

वीसच्या जागी पन्नास. अडीचपट औषध अंगात गेले.

तास-दोन तासांत आजींना घाम फुटेल. हातपाय थरथरतील, छाती धडधडेल, कडकडून भूक लागेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. त्या असंबद्ध बोलू लागतील. शेजारचे म्हणतील, भूतबाधा झाली, नाही तर ऊन लागले. वेळ गेला तर झटके येतील, शुद्ध हरपेल आणि जीवही जाईल. मला राग येतो तो याचा, की एवढे सगळे बाटलीवरच्या एका आकड्यापायी.

उलटेही होते. लेणी पाहायला दूरदेशचे पाहुणे आपल्याकडे उतरतात. त्यांच्या देशात बहुतेक शंभरचेच औषध आणि नारिंगी सिरिंजा. समजा, एखाद्याची औषधाची बाटली प्रवासात फुटली. त्याने इथल्या मेडिकलमधून चाळीसची बाटली घेतली आणि स्वतःच्या नारिंगी सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरली. त्या सिरिंजवर वीसची रेघ म्हणजे एमएलचा पाचवा भाग. चाळीसचा पाचवा भाग किती? आठ. वीसच्या जागी आठच युनिट अंगात गेले. तो लगेच पडणार नाही. पण त्याची साखर चढत जाईल. तहान, वारंवार लघवी, थकवा, मग पोटात दुखणे, उलट्या. मोठ्या माणसाला कळायला दिवस लागतील. सुईवरच जगणाऱ्या लहान मुलाला मात्र एक-दोन दिवसांत जीवघेणा त्रास होऊ शकतो.

कोणी हुशार म्हणेल, ‘मास्तर, मला गणित कळले. शंभरची बाटली आणि लाल सिरिंज असेल तर मी वीसच्या जागी आठच्या रेघेपर्यंत भरीन.’ गणित बरोबर आहे. पण तसे करू नका. आज तुम्ही ध्यानात ठेवाल. उद्या तुम्ही शेतात असाल आणि सुई सून भरील. तिला आठ म्हणजे काय ते ठाऊक नसेल. हिशोब समजण्यासाठी आहे. सुई भरण्यासाठी जोडीची सिरिंजच आणावी. चाळीसला चाळीस. शंभरला शंभर. मेडिकलमध्ये बाटली घेतानाच दुकानदाराला म्हणावे, ‘हिच्या जोडीच्या सिरिंजा द्या’ आणि दोन्हींवरचा आकडा तिथेच काउंटरवर ताडून पाहावा. सरकारी दवाखान्यातून मिळणारी बाटली बहुधा चाळीसची असते. तरी दर खेपेला वाचावे.

तापाच्या सुईला वापरतात ती दोन किंवा पाच एमएलची सिरिंज इन्सुलिनला कधीही वापरू नये. तिच्यावरच्या रेघा एमएलच्या. तिथे ‘एक’ म्हणजे एक युनिट नव्हे, एक एमएल, म्हणजे चाळीसच्या बाटलीतले चाळीस युनिट.

आकडे वाचताना

तुम्ही नुकते वाचायला शिकलात. मराठी आकडे चांगले ओळखता. पण बाटलीवर, सिरिंजवर आणि चिठ्ठीवर आकडे इंग्रजी असतात. त्यांतले दोन फार फसवे आहेत. इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा दिसतो. फरक एवढाच की आपल्या चाराचे डोके उघडे असते, इंग्रजी आठाचे बंद. आणि इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा दिसतो. डॉक्टरांनी इंग्रजीत अठरा लिहिले आणि घरी कोणी चौदा वाचले, असे सहज होईल. म्हणून चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांपुढे आकडा मोठ्याने वाचून दाखवा. लाजू नका. अक्षरांत लिहून मागा: ‘अठरा युनिट’.

आणखी एक खोड आहे. घाईत काही जण युनिट हा शब्द न लिहिता आकड्यापुढे नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर काढतात. ते अक्षर वाटीसारखे असते. वाटीचे तोंड जरा मिटले की ते शून्य दिसते. मग चार युनिटांचे चाळीस होतात आणि दहाचे शंभर! हा घोटाळा जगभर झालेला आहे. म्हणून युनिट हा शब्द पुरता लिहावा, असा दवाखान्यांचाही नियम सांगतात. एरवी दहा घेणाऱ्याला एकदम शंभर सांगितलेले दिसले, तर सुई भरू नये. आधी विचारावे.

खोक्यावर आणखी एक जोडी असते, तिने पुष्कळ जण गोंधळतात. ३० आणि ७०. हे ना तुमचे माप, ना औषधाची ताकद. त्या बाटलीत दोन प्रकारचे इन्सुलिन मिसळलेले असते. शंभरातले तीस भाग लवकर काम करणारे आणि सत्तर भाग सावकाश, पुष्कळ वेळ काम करणारे. ३०/७० ची बाटली चाळीसची असू शकते, शंभरचीही असू शकते. तेव्हा तीस दिसले म्हणून तीस युनिट भरू नयेत. हे मिश्रण दुधी दिसते. बाटली ठेवून दिली की गाळ खाली बसतो, वर निवळ पाणी राहते. तसेच भरले तर कधी नुसते पाणी येईल, कधी नुसता गाळ. म्हणून भरण्याआधी बाटली दोन्ही तळहातांत धरून वात वळतात तशी हळूहळू फिरवावी, सगळे सारखे दुधी होईपर्यंत. घुसळू नये, फेस येतो आणि माप चुकते.

भरताना

पद्धत दवाखान्यातल्या सिस्टरकडून एकदा समोरासमोर शिकून घ्यावी. कागदावर वाचून सुई टोचायला शिकू नये. मापापुरते सांगतो. जेवढे युनिट घ्यायचे तेवढीच हवा आधी सिरिंजमध्ये ओढावी आणि ती बाटलीत सोडावी. मग बाटली उलटी धरून औषध ओढावे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर त्याच्या जागेपुरते औषध कमी जाते. टिचकी मारून बुडबुडा वर आणावा आणि बाटलीत परत ढकलावा. रेघ वाचताना सिरिंज डोळ्यांसमोर सरळ धरावी. दट्ट्याची जी कड सुईकडे असते, ती रेघेला लागली पाहिजे, मागची नव्हे. रेघा मोजून पाहा. चाळीसच्या सिरिंजवर बहुधा एक रेघ म्हणजे एक युनिट. शंभरच्या एक एमएलच्या सिरिंजवर बहुधा एक बारीक रेघ म्हणजे दोन युनिट.

या आजारात नजर मंद होते. ज्यांना रेघ नीट दिसत नाही, त्यांनी घरातल्या शाळकरी पोराला जवळ बसवावे. एकाने भरावे, दुसऱ्याने वाचावे.

काही जण पेन वापरतात. पेनात तीन एमएलची कांडी असते. शंभरची ताकद, म्हणजे तीनशे युनिटे. चकती फिरवून आकडा लावायचा. काही पेनांत दोनशे किंवा तीनशे ताकदीचे औषधही असते. पेन स्वतःच हिशोब करते. पण पेन बिघडले म्हणून कांडीतले औषध लाल सिरिंजने ओढू नये. तिथेच अडीचपटीचा, आणि जास्त ताकद असेल तर त्याहून मोठा घात होतो.

बाटली किती दिवस पुरते?

सकाळी वीस, संध्याकाळी दहा, मिळून रोज तीस. चाळीसच्या बाटलीत ४०० युनिटे. चारशेला तीसने भागा. तेरा दिवस, वर दहा युनिटे शिल्लक. म्हणजे बाराव्या दिवशी दुसरी बाटली घरात पाहिजे. सिल्लोडला नाही तर जळगावला जाऊन आणायची असेल तर त्याही आधी. बाटली तेरा दिवस पुरायला हवी आणि आठ दिवसांतच संपली, किंवा महिनाभर पुरली, तर मापात कुठे तरी चूक होते आहे असे समजावे. ही चूक धरायची सोपी खूण आहे. बाटली उघडली ती तारीख लेबलावर लिहून ठेवा.

रोज दहाच युनिट घेणाऱ्याला हिशोबाने बाटली चाळीस दिवस पुरते. पण उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरावी, नेमके दिवस सोबतच्या कागदावर असतात. चार आठवड्यांचे दिवस अठ्ठावीस. अठ्ठावीस दाहे दोनशे ऐंशी. एकशेवीस युनिटे फेकावी लागतील. जिवावर येते, ठाऊक आहे. पण लेबलावरचा चाळीसचा आकडा औषध ताजे असेपर्यंतच खरा. उन्हाने औषधाचा गुण जातो. मग बाटलीत पाणी तेवढेच दिसते, युनिटे मात्र उडालेली असतात. आपल्याकडे वैशाखात पत्र्याच्या घरात काय भट्टी असते ते सांगायला नको. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. गोठलेले औषधही फुकट. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके ठेवावे आणि बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्या लहान मडक्यात ठेवावी. वाळू रोज भिजवावी. माठातले पाणी जसे गार राहते, तशीच ही डबी गार राहते.

साखर एकदम उतरली तर

माप बरोबर घेतले तरी जेवण चुकले तर साखर उतरते. सुई घेऊन जेवणाआधीच वेचणीला गेलेल्या बाईला बांधावर घेरी येते, ती यामुळे. एकादशी असो की रोजा, उपास धरायच्या आधी मापाबद्दल डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने कमीजास्त करू नये.

घाम, थरथर, घाबरेपणा ही खूण दिसली आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजावी. पंधरा मिनिटे थांबावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटले की भाकरी खायला द्यावी. शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनळीत जाते. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी. गाडी आली की रोग्याबरोबर औषधाची बाटली आणि वापरलेली सिरिंज, दोन्ही पाठवावीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधी तेच पाहायचे असते, की बाटली कोणती आणि सिरिंज कोणती.